माशी गेली, ठिपका आला

पिस्तुलाच्या टोकाला जी इवलीशी पट्टी उभी असते
तिला आम्ही माशी म्हणतो.
एकतीस वर्षं मी माशाच बसवल्या,
कानसीनं घासल्या, पितळी हातोडीनं सरकवल्या
केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे.
नायगावच्या शस्त्रागारात माझं नाव तांडेल माशीवाले.
आजा मासळीवाला होता,
म्हणजे फार लांब आलो असं नाही.

आता खोक्यातून काचा आल्यात.
अंगठ्याच्या नखाएवढी खिडकी, आत लाल ठिपका.
ती सरळ स्लाइडवर बसत नाही.
हिचे पाय वेगळे, त्याची खोबण वेगळी,
मध्ये एक पत्रा लागतो,
सोयरिकीत कुणी मामा लागतो तसा.
भोकातलं तेल आधी स्पिरिटनं पुसायचं,
तेलकट आट्यांना गोंद धरत नाही.
मग निळ्या गोंदाचा एक थेंब. लाल नको,
लाल म्हणजे पुन्हा निघायचं नाव नाही
आणि बॅटरी बदलायला काच काढावी लागतेच.
स्क्रू जरा लांब असला
तर खाली एक्स्ट्रॅक्टरच्या दांडीला टोचतो,
मग काडतूस अडकतं आणि शिव्या आम्हाला.
पाना टक् वाजला की थांबायचं.
मनगटाला वाटतं, अजून थोडं.
मनगटाचं ऐकायचं नाही.
शेवटी सुनेच्या बाटलीतली पांढरी नेलपॉलिश,
स्क्रूच्या डोक्यावरून काचेच्या घरापर्यंत एक रेघ.
रेघ तुटलेली दिसली की समजावं, आतून काहीतरी फिरलंय.

खाडीकडच्या रेंजवर उपनिरीक्षक शर्वाणी गमरे.
पिस्तूल वर, काच रिकामी.
"तांडेल, ठिपकाच नाहीये."
अंधारात पायानं चप्पल चाचपावी
तसं मनगट इकडे तिकडे.
म्हटलं, शोधू नका मॅडम. समोर बघा,
दोन्ही डोळे उघडे, पिस्तूल नजरेत येऊ द्या.
माशीच्या काळात मी उलटं शिकवायचो:
माशीकडे बघा, समोरचं धूसर राहू दे.

समोरचा धूसर असलेला बराही होता.

पोरं विचारतात, ठिपका समोरच्याच्या छातीवर पडतो ना,
सिनेमात पडतो तसा?
नाही रे. तो पुढे जातच नाही.
आतल्या दिव्याचा उजेड काचेवर आपटून
परत आपल्याच डोळ्यात येतो.
समोरच्याला काहीच दिसत नाही.

मग एक मी स्वतः उचललं.
ठिपका गोल नव्हता.
स्वल्पविराम होता, शेपूट खाली डावीकडे.
काच खराब. बाजूला ठेवली.
दुसरी घेतली, तीच शेपूट.
तिसरी. पाचवी.
अख्खा खोका परत पाठवायचं पत्र लिहायला बसलो,
'सर्व नग सदोष' इथवर आलो होतो,
तेवढ्यात गमरेबाईंनी मोबाइल काचेमागे धरला,
फोटो काढला, माझ्यापुढे केला.
गुंजेसारखा गोल. लाल. कुठे शेपूट नाही.
"काच बरी आहे, तांडेल," त्या हळू म्हणाल्या
आणि लगेच दुसरीकडे बघू लागल्या,
फैरी थांबल्यावर चिखलात परतणाऱ्या बगळ्यांकडे.

पत्र घडी करून खिशात घातलं.

विलास पाष्टे नावाचा एक शिपाई होता.
दरवर्षी म्हणायचा, माझं पिस्तूल डावीकडे मारतं.
मी उचललं, एक डोळा मिटला, बघितलं, सांगितलं,
माशी सरळ आहे.
शेरा माझ्याच अक्षरात: नेम कच्चा.
त्याला भांडारात टाकलं. तिथं तो आजही
चादरी मोजतो, भेटला की चहा पाजतो,
त्याबद्दल कधी एक शब्द नाही.

ते पिस्तूल अजून रॅकवर आहे,
दर महिन्याला मीच तेल देतो.
माशी कदाचित सरळच असेल.
पाष्टेचा नेमही खरंच कच्चा असेल.
सांगणार कोण?
उद्या त्याला घेऊन जातो रेंजवर.
उचलायचं त्यानं. मी नुसता
शेजारी उभा राहीन,
हात मागे बांधून.