बंदीकाळ

एक जूनला ट्रॉलर वर ओढले,
आनंदवाडीत ताडपत्र्या बांधून झाल्या,
आणि बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मी मासेमारीला लागलो.

खाली बर्फ बंद, पण लाईन थ्री-फेजची.
वर आठ टीव्ही, आठ काळे कन्सोल,
आठ रिमोट टेबलावर उताणे,
प्रत्येकाची काडी रबराने एका अंगाला ताणलेली.
रबरं तीच, जी आम्ही चिंबोऱ्यांच्या नांग्यांना घालतो
बाजाराला नेताना.
बटणावर सर्वेश खवणेकरने बसवलेलं बोट:
खेळण्यातल्या गाडीची मोटर, तिला आइस्क्रीमची काडी.
टक. थांब. टक. थांब.

पडद्यात आठ गडी आठ धक्क्यांवर.
गळ टाकतात, ओढतात, पिशवीत टाकतात,
कुणी विडी ओढत नाही, कुणी तांडेलाला शिव्या देत नाही.
समुद्र इतका निळा
की मी बावीस वर्षांत तसा एकदाही पाहिला नाही.
मासे विकून नाणी, नाण्यांचे लाख,
आणि ते लाख विकत घेणारा कुणीतरी लांबच्या देशात,
ज्याला तलवार हवी आहे
पण धक्क्यावर उभं राहायला वेळ नाही.
सर्वेश म्हणतो, ही सोन्याची शेती.
मी म्हणतो, शेती कसली,
पाणी आहे तर मासेमारी म्हण.

मासे धरणं माझं काम नाही, ते बोट करतं.
माझं काम जागणं.
मध्यरात्री एखादा खरा खेळणारा घोड्यावरून येतो,
आठांतल्या एकासमोर दोन उड्या मारतो,
विचारतो, माणूस आहेस का?
अर्ध्या मिनिटात उत्तर गेलं नाही तर वर कळवतो.
मग बंदी.
ही बंदी एकतीस जुलैला उठत नाही.

उत्तरं भिंतीवर चिकटवलेली आहेत:
हो. माफ कर, जेवत होतो. आज मासे कमीच.
आळीपाळीने द्यायची,
एकच दोनदा दिलं तर यंत्र ठरतो.
एका रात्रीत अकरा वेळा
मी माणूस असल्याचं सांगितलंय,
आठवड्याला अठ्ठावीसशे रुपयांत.

आवशी डबा घेऊन आली, बघत राहिली.
'इतके मासे धरतस, मगे एक तरी घराक हाड.'

जुलैत एकजण पाच नंबरशेजारी येऊन बसला.
विचारलं. मी भिंतीवरचं दिलं.
तो गेला नाही. आपला गळ काढला.
म्हणाला, आमिष कुठलं लावतोस?
हे भिंतीवर नव्हतं.

मी मोबाइलला मराठीत सांगितलं,
त्याने दिलं ते एक एक अक्षर शोधून टाकलं:
इथे काही लावावं लागत नाही.
आमच्याकडे कोळंबी, जिवंत असली तर बरी.
आमच्याकडे म्हणजे कुठे, तो म्हणाला.
मी रबर काढलं.
तंगूसाने चिरलेल्या अंगठ्याने काडी धरली
आणि लागोपाठ तीन मासे घालवले.
बोट एकही घालवत नव्हतं.
त्याने हसल्याचं चित्र पाठवलं,
मग त्याचाही सुटला.

किती वेळ गेला ते ठाऊक नाही.
बंदरात कुत्री भुंकत होती,
दीपस्तंभाचा उजेड खिडकीवरून जात होता, येत होता.
तो उठला, घोड्यावर बसला,
जाताना मोबाइलने सांगितलं त्याप्रमाणे
'पाण्यावर सांभाळ' असं काहीतरी म्हणाला.

वळून बघितलं तर एक, दोन, चार काळे.
सहा विचारून विचारून थकलेल्यांनी भरलेला,
बघता बघता तोही गेला. मग सात. मग आठ. तीन कधी गेला कळलंच नाही.
बोटं मात्र चालूच होती,
टक. थांब.
पाच नंबरच्या पिशवीत चार मासे.

सर्वेशने सकाळी तो आठवडा कापला.
काय केलंस रात्रभर, विचारलं.
मी म्हटलं, मासे धरत होतो.

जिना उतरताना खिशात हात गेला, आठ रबरं.
एक ऑगस्टपासून लागणारच होती.