तेरावी थाप

देवदिवाळीला शाल्मली आली होती, चार दिवस.
दौलतगंजातून आणलेल्या गजकचा जाड तुकडा
तिनं खाण्याआधी उभा कापला.
म्हणाली, बाबा, असं दिसतं
बर्फात खड्डा खणल्यावर.

हा सगळ्यात खालचा. तिकडे आत्ताच पडलाय, वीतभर.
आता महिनाभर कोरडी थंडी, मोकळं आभाळ,
आणि आतल्या आत त्याची साखर होणार,
जाड, दाणेदार,
कण कणाला धरत नाही अशी.
वर मग पुरुषभर पडू दे,
सगळं त्या साखरेवर उभं.

मग तुकड्यावर डब्याचं झाकण ठेवून
तिनं थापा मोजल्या.
दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून,
असा हिशेब असतो म्हणे.
तेराव्या थापेला वरचा पापुद्रा
सरळ घसरला, माझ्या चहाच्या बशीत.
हिनं स्वयंपाकघरातून टोकलं,
तेरावी म्हणू नये गं.
शाल्मली हसली. बर्फाकडे कुठलं आलंय पंचांग.

जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं.
किल्ला आठ-आठ दिवस दिसत नाही,
आहे, असं धरून आपण दूध आणायला जातो.
कंपूच्या नाक्यावर कुणी टायर पेटवलेला,
त्याच्या उजेडात मी फोन कानाला लावून उभा.
तिसरा दिवस, थांबत नाहीये, ती सांगत होती,
सव्वा मीटर झालं.
वारा पलीकडचं उचलून आमच्या उतारावर टाकतोय.
आज चालताना पायाखाली धप्प झालं,
सगळं रान एकदम खाली बसल्यासारखं.

मी विचारलं, थांबेल कधी?
थांबलं की मगच जपायचं, बाबा.
लख्ख ऊन पडतं,
डोंगर न्हाऊन बसल्यासारखे दिसतात,
आणि माणसं गाड्या काढतात.

ऊन पडलं. तिनं रस्ता उघडू दिला नाही.
एक दिवस. मग आणखी एक.
खाली साठ-सत्तर गाड्या.
कांद्याच्या ट्रकवाल्यानं
तिच्या आईचा उद्धार केला,
जी त्या वेळी इथे मटार सोलत होती.

दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला उतार सुटला.
आधी एक रेघ उमटली, शिवण उसवावी तशी,
मग आवाज,
मग बराच वेळ नुसती पांढरी धूळ.
वळणावरची टपरी गेली, कठडा गेला.
टपरी रिकामी होती. रस्ताही.

मी सकाळी पेपर उलटापालटा करून पाहिला.
ग्वाल्हेरची धुक्यातली टक्कर होती, तिघं जखमी.
बाकी काही नाही.

कांदेवाला काय म्हणाला मग?
काय म्हणणार?
रस्ता कधी मोकळा होतोय, एवढंच विचारत होता.

रात्री जेवणानंतर
हिनं फडताळातून गजकचा डबा काढला.
टेबलावर ठेवताना मी म्हटलं,
हळू.