कोपर

द्राक्षं उतरवून झाली त्या रात्री
काखेतीत, ओतार मामाच्या अंगणात
एकवीस माणसं बसली होती,
खांद्याला खांदा, पावाला पाव लावून.
मामा तमादा, प्याल्याआधीचा शब्द त्याचा.
पहिला प्याला शांततेचा झाला,
दुसरा गेलेल्यांचा,
तिसऱ्याच्या आधीच मी तोंड उघडलं.

विषय नेहमीचाच.
बोगद्याच्या कामावर मी हेल्मेट घालून,
नकाशा हातात धरून उभी असते
आणि सिमेंटचा ट्रक आणणारा विचारतो,
"बाई, इंजिनियर कधी येणार?"
सगळे हसले. मीही हसले,
ही गोष्ट कुठे थांबून सांगायची ते आता जमलंय.
मग म्हटलं, हसू नका. हे रोज होतं.
रोज होतं म्हणून कोणी मोजत नाही.

बाद्री उठला, माझा मावसभाऊ.
"म्हणजे पुरुषाला जन्मतःच काहीतरी मिळतं?
पोलंडमध्ये तीन हिवाळे विटा वाहिल्या मी,
मणक्याच्या दोन चकत्या तिथेच ठेवून आलो.
बापाला पेन्शन नाही, मला दात नाहीत.
दाखव, कुठल्या खिशात आहे ती माझी सवलत?"
आणि त्याने खरंच दोन्ही खिसे उलटे केले:
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
बोल्टाविना एक नट,
वीस तेत्रीची दोन नाणी.

त्याचं काही चुकत नव्हतं.
हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.
पण वादात आपण वाक्यातली फट शोधतो,
वाक्यात राहणारा माणूस नाही.
मी म्हटलं, "सवलत खिशात नसते, बाद्री.
जे आपल्याला उचलावं लागत नाही, त्यात असते."

वाक्य बरं जमलं होतं.
टेबलाच्या त्या टोकाला ऐकू गेलं नसेल म्हणून
मी ते पुन्हा एकदा म्हटलं.

तेवढ्यात मागून,
"कोपर उचल जरा."

नानुली. माझ्या भावाची बायको.
कोपराखालची ताटली तिने ओढून घेतली,
अक्रोडाचं वाटण, वांग्याची साल,
मी चिमटून टाकलेला पाव,
सगळ्यासकट बाकीच्या नऊ ताटल्यांवर चढवली
आणि हनुवटीने तोल सांभाळत गेली.

मग मी मोजलं.
टेबलाशी बायका दोन:
मी, आणि मामाची म्हातारी सासू.
ती वयामुळे बसलेली. मी शहरामुळे.
पंगत माझ्यासाठीही मांडली होती
आणि उष्टी काढणारे हात
मी बोलत असताना माझ्या पाठीमागून
किती वेळा येऊन गेले, देव जाणे.

चार ग्लास उचलून मी आत गेले.
आत सहा जणी, नळ एक.
नानुली उभ्यानेच तवा पुसून खात होती.
"कुठे ठेवू?" मी विचारलं.
या घरात लहानाची मोठी झाले मी.
त्या अशा हसल्या
की ट्रकवाल्याच्या त्या गोष्टीत
आता मी कोण, तेच कळेना.

"बाहेर मी... ते बोलत होते मघाशी."
"ऐकलं," नानुली म्हणाली. "बोल की.
खिशाचं आवडलं मला.
पण बाद्रीला दात नाहीत हे खरंय हं,
त्याचा पाव मीच भिजवून देते."

बाहेर मामाचा आवाज चढला:
"आणि हा प्याला आपल्या स्त्रियांचा!
पुरुषांनो, हा उभ्यानेच प्यायचा!"
बाकं मागे सरकली.
एकवीसातले एकोणीस उठले असणार.

आत कोणी हललं नाही.
आम्ही आधीपासूनच उभ्या होतो.

नानुलीने कान दिला,
शेवटचा घोट संपेपर्यंत थांबली,
मग बाह्या वर करत म्हणाली,
"आता ग्लास येतील. सरक."