लेबादियाहून परतल्यावर

प्रश्न तर एवढासाच होता:
भट्टी भावाच्या जमिनीत हलवू का?
त्यासाठी इस्मेनियास दोन दिवस चालत गेला.
विसरायचं पाणी प्याला, आठवायचं पाणी प्याला,
आणि मधाच्या पोळ्या मुठीत धरून
आधी पाय, मग बाकीचा
असा जमिनीतल्या भोकात ओढला गेला.

वर आला तेव्हा दात वाजत होते म्हणे.
पुजाऱ्यांनी खुर्चीत बसवून
सगळं वदवून घेतलं, फळीवर उतरवलं.
घरी मात्र ब्र नाही.

तानाग्रात सगळ्यांना ठाऊक आहे,
तिथून आलेला माणूस काही दिवस हसत नाही.
"उतरेल," सासू म्हणते,
तापाबद्दल म्हणते तसं.

भट्टी आहे तिथंच आहे.
तो मातीच्या बाहुल्या करतो, पूर्वीसारख्याच:
वस्त्राच्या चुण्या, पंखा, अंबाडा.
ओठ तेवढे ठेवत नाही.
रात्री मी दिवा घेऊन बसते,
ओल्या मातीत नखानं
एकेकीला बारीक रेघ ओढते.

काल त्यानं त्यातली एक उचलली.
बराच वेळ उजेडात धरली.
"ही डावीकडेच हसतेय," म्हणाला,
आणि अंगठ्याच्या कडेनं
उजवा कोपरा
जरासा वर केला.