कॉफीचा डबा

कंपनीचं पत्र आलं सोमवारी, उणे सत्तावीसमध्ये,
साग्ने नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली:
कामाच्या जागी शिव्या बंद. शब्दामागे एक डॉलर.
समोरच्या घरातल्या बाईंनी तक्रार केली म्हणे.
हिशोब माझ्याकडे, कारण पेन माझ्याकडे,
आणि हातमोजे काढून लिहिणारी मी एकटीच.

डबा ठेवला दाराशी, जिथे पूर्वी पवित्र पाणी असायचं.
दगडी वाटी कोरडी होती. डबा बरोब्बर बसला.

बाहेरच्या माणसाला कसं सांगू,
आमच्या क्वेबेकात शिवीत आया-बहिणी फारशा येत नाहीत.
पाद्र्यांनी आमच्या पणज्यांना इतकं दाबून ठेवलं
की अंगठ्यावर हातोडी पडली
तेव्हा तोंडात आलं ते थेट वेदीवरचं सामान:
ताबार्नाक, देव कुलपात ठेवायचं कपाट.
कालीस, त्याचा पेला.
सिब्वार, झाकणाचं भांडं.
एस्ती, त्याचं अंग, कागदाइतकी पातळ चकती.
गाएताँ हे सगळं एका दमात म्हणतो,
डब्याला डबा जोडलेल्या मालगाडीसारखं.
लाखोली वाहणं म्हणतात ते इथे शब्दशः.
तो मोजत नाही. मी मोजते.
मंगळवार दुपारपर्यंत एकोणीस डॉलर.

आणि काम काय, तर चर्चच रिकामं करायचं.
विकलंय. इथे आता भिंती चढायचा क्लब होणार,
दोऱ्या, रंगीत खुंट्या, मुलांचे वाढदिवस.
बाक गेले. गुडघे टेकायच्या फळ्या गेल्या,
त्यांवर गुडघ्यांचे खळगे, रांगेनं.

बुधवारी मालाची यादी मोठ्यानं वाचली:
पेला, चांदीचा मुलामा, एक. झाकणाचं भांडं, दोन.
नावं लिहायची तर तीच, दुसरी आहेत कुठे?
रेजाँ वरून, शिडीवरून ओरडला, "तीन डॉलर!"
सगळे हसले. मी भरले. नियम तो नियम.

विल्नेर हसला नाही. तो हैतीचा,
आमच्यात येऊन त्याला दोन हिवाळे झाले.
लागलं की तो नुसतं "जेझी" म्हणतो,
खालच्या आवाजात, शेजारच्या खोलीत कुणी असावं तसं.
पहिल्या दिवशी मी त्याला डॉलर लावला.
त्यानं नाणं टाकलं, आणि म्हणाला,
"शिवी नव्हती. मी बोलावत होतो."
मी वहीतून खोडलं.
नाणं परत द्यायचं राहिलं.

गुरुवारी वेदीवरचं कपाट.
ओक, आतून पितळी पत्रा, चार गंजलेले बोल्ट.
कॉम्प्रेसर गोठला. पाना सटकला.
गाएताँच्या दोन पेरांवरची कातडी गेली.
मी पेनचं टोपण काढलं.
रेजाँनं तर खिशात हात घातला, उसने द्यायला.

गाएताँ बोलेना.
रक्त चोखलं, चौथा बोल्ट हातानं फिरवला,
आणि दोघांनी, त्यानं आणि विल्नेरनं, कपाट उचललं.
चिमुकल्या दाराला किल्ली लटकत होती, किणकिणत होती.
एकेक पायरी, उलट्या पावलांनी,
घरातलं आजारी माणूस खाली आणतात तसं.

खाली टेकवल्यावर गाएताँनं तो शब्द उच्चारला.
पण सबंध. ताबेर्नाक्ल.
त्यातला शेवटचा ल आमच्या तोंडातून केव्हाच गळून गेलाय,
कारखान्यात, रानात, बर्फात अडकलेल्या ट्रकखाली.
एकवीस वर्षं मी याच्यासोबत काम करते,
त्याच्याकडे तो ल आहे हे ठाऊक नव्हतं.
हळूच म्हणाला, लहानपणी चकती
दाताला लागू द्यायची नाही, तसा.

वहीत मी लिहिलं: कपाट, ओक, एक. किल्लीसह.

शुक्रवारी डब्यात एकसष्ट निघाले. पिझ्झा मागवला.
त्यातलं एक नाणं मी बाजूला काढलं,
विल्नेरच्या हातमोज्यावर ठेवलं.
"हे कशाचं?"
हिशोब चुकला होता, म्हटलं.