साल

निझव्याच्या कॉलेजात माझ्या दारावर पाटी आहे:
डॉ. सुगंधा हिलम, आदिवासी कायदा व धोरण.
खाली तेच अरबीत, उजवीकडून.
हिलम वाचून इथं कुणी थबकत नाही,
हे एक बरं.

आज वर्ग फलजच्या काठावर घेतला.
पाणी वाटणारे नासिर अल-रियामी, वय ऐंशीच्या पुढं,
त्यांनी काठी रोवली, सावली पावलांनी मोजली,
म्हणाले, आता पाणी खमीसच्या विधवेचं.
एका पोरानं दगड सरकवला.
पाणी वळलं. कागद नाही, अंगठा नाही.

वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावा,
हे मी जन्मभर शिकवलं,
एकदा जिनिव्हात, नाक गळत असताना.
बढतीच्या फॉर्मवर निबंध एकोणचाळीस.

तरी पेन उघडून मीच विचारलं:
हा हक्क कोणत्या सालापासून?

नासिर माझ्याकडं बघत राहिले.
ही नजर मला ठाऊक होती.
पालीच्या कचेरीत, बाबांच्या दळीच्या दाव्याला
भिवाआजा साक्षीला आला होता.
म्हणाला, तो खैर माझ्या बापानं राखला,
तिथून खाली सगळी यांची नाचणी.
कारकुनानं मान वर न करता विचारलं, साल?
तेव्हा आजा असाच बघत राहिला.
दावा अमान्य.
मी बारावीत होते. भाषांतर मीच करत होते,
आमच्या बोलीतून मराठीत.

पेनाचं टोपण लावलं.
नासिरनी काठी उपटून माझ्या हातात दिली.
कुठं रोवायची, ते नाही सांगितलं.