मानशीचं दार

बांबोळीला पडद्यावर बाबांचा सांगाडा.
कण्यात तीन काळे ठिपके, खुब्यात एक,
बरगडीतला पुसट.
डॉक्टर कुएल्यो पेनाने दाखवतात:
प्रोस्टेटमधून निघाले, हाडात उतरले.
जशी काही कदंबा बस.

चाळीस वर्षं बाबा चोडणच्या मानशीवर.
भरती चढली की दार आपलं आपण मिटतं,
माणसाने फक्त बांधाकडे बघायचं.
"कुर्लीच्या एका बिळाने खाजन जातं," म्हणायचे.
कर्करोगाच्या पोटात कुर्ली आहे
हे मी अजून सांगितलेलं नाही.

"रक्तात राखणदार असतात ना?"
असतात. पण हाडाच्या मगजात
गाठीने त्यांनाच हाताशी धरलंय,
तिच्यासाठी तेच जागा खणतात.
बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "फेणी पाजली असणार."

दुसरा कागद जनुकांचा.
डागडुजी करणारं एक जनुक
जन्मापासूनच मोडकं.
मला सुलभाआत्या आठवली,
पदराखाली वर्षभर लपवलेली गाठ,
आणि नजर लागली म्हणणारे सगळे.
छातीतलं आणि इथलं
एकाच मुळाचं असेल
हे तेव्हा कुणाच्या मनात येणार?

"तुमचंही रक्त घेऊ," डॉक्टर म्हणाले,
माझ्याकडे बघून.

रायबंदरहून फेरीबोट.
खुबा सांभाळत बाबा कठड्याला टेकलेले,
बघतात पाण्याकडे, माझ्याकडे नाही.
"बांध मी राखला गो," म्हणतात,
"माती माझ्या आधीची."

कोपराच्या खोबणीत, कापसाखाली,
अजून थोडं ठणकतंय.